पाठीवरच्या पायऱ्या

३ नोव्हेंबर, रविवार

ठिणगे,

तुझा पत्ता चष्मेवालीने दिला. तू तिला दरवर्षी कार्ड पाठवतेस हे मला माहीत नव्हतं. "पोरीने मला पाठवलं, तुला नाही, यात माझा काय दोष?" असं ती म्हणाली. दोष नाहीच. मी पत्ता उतरवून घेतला.

चार वर्षांत पहिलंच पत्र लिहिते आहे, तर कामाचं आधी. चष्मेवालीच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, ती आता बाइंडिंगच्या कामाला येणार नाही. मालकांनी मला तिच्या जागी, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसवलं आहे. पंचवीस वर्षं मी तिच्या अलीकडच्या जागेवर होते. पाचजणी, चाळीस ढीग, प्रत्येकीपुढे आठ. आपल्या प्रत्येक ढिगातला एकेक फर्मा, म्हणजे बत्तीस पानांची छापील घडी, उचलायचा, क्रमाने लावायचा आणि थप्पी पुढच्या बाईकडे सरकवायची. पवित्र शास्त्राचं काम आलं की माझ्यापुढे नेहमी तेच आठ ढीग यायचे, संदेष्ट्यांचे.

मला वाचायला कोणी शिकवलं नाही. आधी फर्म्यांवरचे आकडे आले, मग मथळे, मग आतली अक्षरं. डाग पडलेला फर्मा मालक घरी नेऊ देतात. त्यामुळे मी जे वाचलं ते बत्तीस-बत्तीस पानांनी वाचलं, आणि फक्त माझ्या ढिगांतलं वाचलं. मशीहा येणार, येणार असं सांगणारे सगळे माझ्याकडे. प्रत्यक्ष आला तो चष्मेवालीकडे. चर्चमध्ये सगळं ऐकलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि बोटाने ओळ धरून वाचणं वेगळं. चष्मेवाली चिडवायची, "तुझ्याकडे नुसते ओरडणारे. माझ्याकडे बघ, दर दोन पानांनी कोणीतरी जेवायला बसलंय."

आता तुझ्या बाबांबद्दल. तुला चष्मेवालीने कळवलं असेल, पण माझ्याकडून कधी गेलं नाही म्हणून लिहिते. गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अठरा तारखेला कटिंग मशीनचं पातं खाली आलं तेव्हा त्यांचा उजवा हात आत होता. चार बोटं गेली. जखम चिघळली, ताप चढला, अकराव्या दिवशी गेले. सरकारी तपासनीस येऊन गेले. त्यांच्या कागदात लिहिलंय ते असं: मशीनला दोन बटणं आहेत, दोन्ही हात दोन बटणांवर असले तरच पातं उतरतं, दोन्ही बटणं नीट चालत होती, कोणत्याही बटणात पाचर आढळली नाही, कामगाराने हात लवकर घातला.

दफनाच्या दिवशी तू फाटकाजवळ उभी होतीस. राखाडी कोट. मी पाहिलं होतं.

ऑगस्टपासून त्या मशीनवर तुझा दादा आहे. तेवढंच कळवायचं होतं.

आई

१७ नोव्हेंबर, रविवार

ठिणगे,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

नव्या जागेवर अजून हात बसलेला नाही. सवयीने डावीकडे जातो आणि तिथे आता दुसऱ्या बाईचं कोपर असतं. ती म्हणते, "ताई, तुमचे संदेष्टे आता माझे. सोडा त्यांना."

तुझ्या बाबांना माझे संदेष्टे ऐकायला आवडायचे, भक्तीपेक्षा करमणूक म्हणून. जेवायला बसले की विचारायचे, "आज कोणाला मार पडला?" एकदा मी सांगितलं होतं, तुला आठवेल. एका संदेष्ट्याने राजाला बजावणारं सगळं लिहून पाठवलं. थंडीचे दिवस, राजापुढे शेगडी. एकजण वाचून दाखवतोय, आणि तीन-चार रकाने वाचून झाले की राजा तेवढा तुकडा चाकूने कापून शेगडीत टाकतोय. गुंडाळी संपेपर्यंत हेच. बाबांनी घास हातात धरून विचार केला आणि म्हणाले, "चाकूने? मग कड सरळ आली नसणार." तू हसून हसून पाण्याचा पेला सांडलास. त्या संदेष्ट्याने सगळं पुन्हा लिहवून घेतलं आणि वर आणखी भर घातली, हे मी सांगेपर्यंत तुम्ही दोघं दुसऱ्याच विषयावर गेला होतात.

त्याच माणसाला पुढे चिखलाच्या हौदात सोडलं. वर ओढताना दोर काखेत रुतू नयेत म्हणून एकाने आधी जुन्या चिंध्या खाली टाकल्या. मला सगळ्या ढिगांत तो चिंध्यावाला जास्त आवडतो. राजवाड्यात नोकरी, पण चिंध्या कुठल्या कोपऱ्यात असतात ते त्याला ठाऊक होतं.

संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. तसं नाही. लोक त्यांना विचारतात, कधी येणार? तारीख कोणीच सांगत नाही. सांगतात ते असं की मापात मारू नका, परक्याला छळू नका, विधवेला दारातून हाकलू नका. एकजण तर रस्त्याबद्दलच बोलतो, खड्डे भरा, उंचवटे उतरवा, वाट सरळ करा. जसं काही रस्ते दुरुस्ती खात्यातून आलाय. मला वाटायचं, हे प्रश्नाला बगल देतात. आता वाटतं, तेच त्यांचं काम होतं. येणारा येईल तेव्हा येईल, त्याला यायला जागा आहे का ते बघा.

तू त्या दिवशी कारखान्यात जे बोललीस ते मी इथे लिहून ठेवते, कारण दादा हल्ली म्हणतो की तू तसं बोललीच नव्हतीस. चहाची सुट्टी होती. तू मशीनजवळ गेलीस, डाव्या बटणात घट्ट बसवलेली कागदाच्या घडीची पाचर उपसलीस आणि मालकांपुढे धरलीस. म्हणालीस, "एक बटण असं कायम दाबून ठेवलं, की एक हात पात्याखाली जायला मोकळा राहतो. एक दिवस हात जाईल. कोणाचा ते मला माहीत नाही."

मालक म्हणाले, "पाचर काढली तर ऑर्डर जाईल. कोणाची ते मला माहीत आहे."

सगळे हसले. बाबाही हसले. त्यांनी तुझ्या हातातून पाचर घेतली आणि परत बसवली. मालकांनी तुला कामावरून कमी केलं ते त्याच आठवड्यात.

घरी मी तुला काळजिभी म्हणाले. भरल्या घरात अभद्र बोलतेस, तोंड आवर नाहीतर आपली सोय बघ, हेही मीच म्हणाले. तू सोय बघितलीस. दफनानंतर घरी आलेल्या बायकांपुढेही मी तेच म्हणाले, की पोरीची जीभ काळी, बोलली तसं झालं. काहींनी मान हलवली. चष्मेवाली उठून गेली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गुरुवारी पाणी प्यायला गेले तेव्हा पाहिलं, दादाच्या डाव्या बटणात पाचर आहे.

"हे काय?" मी म्हटलं.

"नाताळचं काम आहे, आई. थप्प्या बघ किती चढल्यात."

"बाबांचं विसरलास?"

"त्या दिवशी पाचर नव्हतीच," तो म्हणाला. "तपासनीस साहेबांनी लिहून दिलंय. बाबा पाचरीवर सहा वर्षं कापत होते, काही झालं नाही. नव्हती त्या दिवशी झालं. मग पाचरीला कशाला बोल लावायचा?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हणजे सुचलं, दिलं नाही.

आई

१ डिसेंबर, रविवार

ठिणगे,

आजपासून नाताळच्या आधीचे, वाट पाहण्याचे चार रविवार. चर्चमध्ये पहिली मेणबत्ती लागली. नवा पाळक तरुण आहे, बोलताना आपल्याकडे न बघता खिडकीकडे बघतो. उपासना संपल्यावर मला थांबवून म्हणाला, "पुढच्या रविवारचं वाचन तुम्ही करा. तुम्ही वाचता असं ऐकलंय."

"मी फक्त संदेष्टे वाचते."

"मग झालंच तर. शेवटचा संदेष्टा आहे, शेवटचं पान."

माणूस हाताशी होता म्हणून विचारून घेतलं. म्हटलं, इतके जण शेकडो वर्षं सांगत राहिले, तरी तो आला तेव्हा लोकांनी ओळखलं कसं नाही? तो म्हणाला, काहींनी ओळखलं. मंदिरात एक म्हातारी होती, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा, तिने आईच्या कडेवरचं बाळ बघून ओळखलं. तीही संदेष्ट्रीच होती.

"माझ्या ढिगात नव्हती," मी म्हटलं.

"नव्या भागात आहे."

घरी येऊन शोधली. तीन-चार ओळींत आहे. सात वर्षं संसार, मग सगळं आयुष्य देवळात. बाळाबद्दल ती लोकांना सांगत सुटली असं लिहिलंय, पण काय सांगितलं ते लिहिलेलं नाही. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं मात्र सगळं बोलणं उतरवून घेतलंय.

पण मी सांगणार होते ते वेगळंच. सरावासाठी म्हणून मी चर्चचं मोठं पुस्तक उघडलं, तर पान नाही. एका संदेष्ट्याचं वाक्य अर्ध्यात तुटतं आणि समोरच्या पानावर एकदम नव्या भागातली वंशावळ सुरू होते, अमक्याचा मुलगा तमका. मधला अख्खा फर्मा गळालाय. मी मागचं पान उलटून शिक्का बघितला. आपल्याच कारखान्याचा, तीन वर्षांपूर्वीचा. तो ढीग माझा होता.

पाळक म्हणाला, "मी आल्यापासून कोणाच्या लक्षात आलं नाही." मग खिडकीकडे बघत म्हणाला, "माझ्यासुद्धा."

तू असतीस तर ती प्रत बाहेर पडली नसती. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, आधीच्या फर्म्यापेक्षा जराशी खाली. सगळे फर्मे नीट लागले की थप्पीच्या पाठीवर जिना उतरताना दिसतो. एखादा गळला की पायरी तुटते. तू टेबलाच्या शेवटी स्टुलावर बसून नुसत्या पाठी बघायचीस आणि थप्पी माझ्याकडे परत सरकवायचीस. "आई, पायरी गेली." सगळ्यांसमोर. मला राग यायचा. तू गेल्यावर मालक म्हणाले, इतक्या वर्षांच्या हातांवर पहारा कशाला? त्या स्टुलावर आता गोंदाचा डबा ठेवतात.

एकेका फर्म्यावर एकच खूण. जिना त्याला दिसत नाही. पुस्तक तयार झालं की पाठीवर कापड चिकटतं, मग तो कोणालाच दिसत नाही. बघायला मिळतो तो मधल्या थोड्या वेळात, बघणारं कोणी बसलेलं असेल तर.

त्या फर्म्याची एक डागाळलेली प्रत माझ्या पेटीत आहे. पुढच्या रविवारी तीच घेऊन जाईन.

आई

८ डिसेंबर, रविवार

ठिणगे,

वाचन झालं. मोठ्या पुस्तकात माझा डागाळलेला फर्मा ठेवून वाचलं. पहिल्या बाकावरच्या बायकांना वाटलं चिठ्ठी वाचते आहे.

त्या पानावर असं आहे की येणाऱ्याच्या आधी एकजण पाठवला जाईल. मला वाटलं होतं तो सैन्य जमवेल, निदान मिरवणुकीची तयारी करेल. तसं काही नाही. तो बापांची मनं मुलांकडे वळवेल आणि मुलांची बापांकडे. त्याचं काम एवढंच. ते झालं नाही तर मात्र भूमीला शाप. शास्त्रात बाप म्हटलंय, आया त्यात धरल्यात असं मी समजते. तिथे पान संपतं आणि पुढे एक कोरं पान आहे. पाळक म्हणाला, ते कोरं पान चारशे वर्षांचं आहे, मधे कोणी बोललंच नाही.

वाचताना माझा आवाज बसला. सर्दी आहे.

सर्दी नाही. आणि पहिल्या पत्रातही एक गोष्ट मी तपासनिसांच्या कागदाच्या आडून लिहिली. ती आता सरळ लिहिते.

पाचर होती. पातं खाली आलं तेव्हा सगळे बाबांकडे धावले, मी बटणाकडे गेले. पाचर उपसली, ॲप्रनच्या खिशात टाकली आणि मग बाबांकडे गेले. मधे किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. थोडाच असेल. बाबांनी मला बघितलं. अकरा दिवसांत ते त्याबद्दल काही बोलले नाहीत.

मी ती का काढली, तर घडी माझी होती. बाबांना घडी जमायची नाही, निसटायची. म्हणाले, "तुझ्या हातची घट्ट बसते." म्हणून मी करून द्यायचे. टाकाऊ कागद, हाडाच्या पट्टीने दाबून, दोन्ही टोकं आत खोचलेली. चुरगळली की नवी. सहा वर्षांत वीसेक केल्या असतील. तशी घडी आपल्या टेबलावर दुसरं कोणी घालत नाही, बघणाऱ्याने लगेच ओळखली असती. मालकांपुढे तू धरली होतीस तीही माझीच होती. तू माझ्याच टेबलावर नऊ वर्षं बसलीस. तुला ओळखू आली असणार. तू सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं नाहीस, आणि मी घरी येऊन तुला काळजिभी म्हणाले.

ती पाचर सुयांच्या डब्यात आहे. काल पहिल्यांदा उलगडून बघितली. काहीतरी अर्थाचं पान निघेल अशी मला भीती होती. शास्त्राच्या शेवटी वजनमापांचा तक्ता असतो, तो निघाला. एका टोकाला तपकिरी डाग. पुन्हा त्याच घड्यांवर घडी घातली.

मी ती लपवली म्हणून कागदात पाचर नाही. कागदात पाचर नाही म्हणून दादा पाचर लावतो. हे मला त्या गुरुवारपासून नाही, ऑगस्टपासून माहीत आहे.

उद्या सोमवार.

आई

१० डिसेंबर, मंगळवार

ठिणगे,

काल जे झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी आधी तपासनिसांच्या कचेरीच्या नावाने पत्र टाकलं, मग कामावर गेले. चहाची घंटा झाली, मशीन थांबलं. मी सुयांचा डबा उघडून पाचर मशीनच्या पाटावर ठेवली.

"ही कसली?" दादा म्हणाला.

"त्या दिवशीची."

"त्या दिवशी नव्हती."

"होती. साहेब यायच्या आधी मी काढली."

तो हसला. "आई, डोकं ठिकाणावर आहे ना?"

माझ्या जुन्या जागेवरची बाई चहाचा पेला घेऊन जवळ आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "घडी तर तुमचीच आहे, ताई." मग तिला कळलं आपण काय बोललो ते, आणि ती पेल्यात बघत राहिली.

"माझीच," मी म्हटलं. "त्यांना मीच करून द्यायचे."

मालक बाहेर आले. पाचर बघितली, हात लावला नाही. "मावशी, कागद झाला, माती झाली. आता हे उकरून तुम्हाला काय मिळणार?"

"मला काही नाही. याची बोटं राहतील."

"चौकशी पुन्हा उभी राहिली तर पहिलं नाव तुमचं येईल. समजतंय का?"

"मीच कळवलंय. सकाळी पत्र टाकून आले."

त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग थप्प्यांकडे. "घरी जा. बोलावल्याशिवाय येऊ नका."

दादाने तोपर्यंत पाचर उचलली होती. उलटसुलट करून बघितली आणि होती तशी ठेवली. "दीड वर्ष होत आलं, रोज दुपारी तुझ्यासमोर डबा खातोय मी," तो म्हणाला. अजून दीड वर्ष झालेलं नाही. "तिला काळजिभी म्हणालीस. माझ्याकडून म्हणवून घेतलंस."

"हो. ते मी मागे घेते."

"हे आता सांगतेस ते माझ्यासाठी की तुझं मन हलकं करायला?"

"मला माहीत नाही. तुझी पाचर काढ."

त्याने काढली नाही. मशीनचा खटका बंद केला, जाकीट घेतलं आणि मालकांच्या समोरून निघून गेला. त्याची पाचर डाव्या बटणात तशीच होती. आज तो कामावर गेला का, गेला तर ती काढली का, हे मला माहीत नाही. मी घरी आहे. दुपारी त्याची बायको येऊन माझा जेवणाचा डबा देऊन गेली, धुतलेला.

माझ्या ढिगात एक संदेष्टा आहे, त्याला बोलावणं येतं तेव्हा तो म्हणतो, माझे ओठ अशुद्ध आहेत. मग त्याच्या ओठांना निखारा लावतात. ते पान मी नेहमी भरभर उलटून पुढे जायचे, पुढचं, बाळ जन्माला येणार आहे ते वाचायला. त्यांच्याशी माझी बरोबरी करायला हे लिहीत नाही. काल दिवसभर ते पान डोक्यात होतं म्हणून लिहिलं.

काळजिभी म्हणाले ते मी टेबलावरच्या बायकांसमोर मागे घेतलं, दादासमोर घेतलं. हे लेखी.

आई

२२ डिसेंबर, रविवार

ठिणगे,

तुझं कार्ड बुधवारी मिळालं. एकच ओळ आहे, पण अक्षर अजून तसंच, उजवीकडे चढत जाणारं. "पाचर निघाली, का अजून वाटच बघायची?"

हो असं लिहून लगेच पाठवणार होते. मग थांबले.

घरी बसायला लागलं तेव्हा चष्मेवालीच्या ढिगांतले टाकाऊ फर्मे वाचून काढले. नदीत लोकांना बुडवून बाप्तिस्मा देणारा, टोळ आणि रानातला मध खाणारा, संदेष्ट्यांतला शेवटचा खरं तर तो. आयुष्यभर त्याने एकच सांगितलं, की मी तो नव्हे, माझ्या मागून येतोय त्याच्या वहाणेचा बंद सोडायचीही माझी लायकी नाही. तो आला तेव्हा यानेच बोट दाखवलं. पुढे हा तुरुंगात पडला, आणि तिथून माणसं पाठवून विचारतो, तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघायची? मी ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली. ज्याने ओळखलं त्यालाच खात्री नाही. आणि त्याला उत्तरही हो असं मिळत नाही. निरोप येतो, तुम्ही जे बघताय ते जाऊन सांगा. आंधळे बघतात, लंगडे चालतात. त्याला तुरुंगातून सोडवलं मात्र नाही.

म्हणून तुलाही बघते तेच लिहिते.

तपासनीस बारा तारखेला आले. माझ्या घरी येऊन सगळं लिहून घेतलं, सही घेतली. कागद बदलला. त्यात आता पाचर आहे, मालकांचं नाव आहे आणि माझं नाव आहे. बाबांनी हात लवकर घातला, हे वाक्य काढलं आहे. माझं पुढे काय करायचं ते कळवणार आहेत. मशीनला सील होतं, ते मंगळवारी निघालं. दोन्ही बटणांभोवती आता लोखंडी कडं आहे, त्यातून बोट जातं, पाचर अडकत नाही.

त्याच मंगळवारी मालकांचा निरोप आला. माझ्यावर रागावलेले आहेत, पण नाताळच्या प्रती अडकल्यात आणि रागाने फर्मे उचलले जात नाहीत. बुधवारी कामावर गेले. माझ्या जुन्या जागेवरची बाई सांगते, मी घरी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, साहेब यायच्या आधीच, दादाने आपली पाचर काढली आणि मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. हे मी पाहिलेलं नाही, म्हणून वेगळं लिहिते.

पाहिलेलं असं. टेबलाच्या या टोकावरून काचेच्या दारातून मशीन दिसतं. दादा थप्पी ठोकून सरळ करतो. मागे सरतो. दोन्ही हात दोन बटणांवर ठेवतो. पातं उतरतं, वर जातं, आणि मग हात पुढे येतात. मी दर वेळी बोटं मोजते. दहा. थप्प्या हळू निघतात. मालक घड्याळ बघतात आणि आत जातात.

दादा माझ्याशी बोलत नाही. डबा पलीकडे बसून खातो. काल निघताना दारात थांबला आणि भिंतीकडे बघून विचारलं, "तिला कळवलंस?" मी म्हटलं, उद्या लिहिते.

माझ्या हातून या आठवड्यात दोन थप्प्या चुकल्या. सापडल्या त्या दोन, बाकीच्या कोणी बघितल्या नाहीत. टेबलाच्या शेवटी तुझं स्टूल आहे, आता माझ्या अगदी शेजारी. त्यावरचा गोंदाचा डबा मी खाली ठेवला आणि वाळलेला गोंद खरवडून काढला. एक पाय डुगडुगतो. त्याखाली कागदाची घडी सारता आली असती. सुताराला सांगितलं आहे.

आई